तिसऱ्या खणातला फॉर्म

“मॅडम, राग मानू नका,” चार नंबरच्या बेडवरचे मास्तर आपला डावा हात पोटाशी घेत म्हणाले, “पण धाकटीला बोलवा.”

नव्या मॅडम हातात सुई घेऊन तशाच उभ्या राहिल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मशिनच्या आकड्यांकडे पाहिलं. सोमवार होता, बुधवारी मी निवृत्त होणार होते आणि माझी खुर्ची त्यांच्याकडे जाणार होती. जाता जाता त्यांची फजिती बघायची मला हौस नव्हती. खोटं कशाला बोलू, थोडी होती.

“मास्तर, मॅडम शिकलेल्या आहेत. मोठी पदवी आहे त्यांच्याकडे,” मी म्हटलं.

“असेल ना. मी सगळी नोकरी पदवीवाल्या हेडमास्तरांच्या हाताखाली काढली. पण हात माझा आहे.”

तेवढ्यात धाकटी आलीच. मास्तर नऊ वर्षं आमच्याकडे डायलिसिसला येतात, आठवड्यातून तीन दिवस, दुपारच्या पाळीला. दर वेळी दोन जाड सुया आणि चार तास मशिन. अशा पेशंटच्या हातातली शीर ऑपरेशन करून मोठी केलेली असते. तिच्यावर बोटं ठेवली की आत मांजर घुरघुरल्यासारखं लागतं. धाकटीनं बोटं ठेवली, क्षणभर डोळे मिटले, आणि दोन्ही सुया अशा आत गेल्या की मास्तरांचं चाललेलं वाक्यसुद्धा तुटलं नाही.

“बघा मॅडम, इथं शिरेला वळण आहे,” ती म्हणाली. “सरळ गेलं की सुई भिंतीला लागते. जरा उजवीकडे झुकवायची. बोट ठेवा इथं. लागलं?”

“लागलं,” नव्या मॅडम म्हणाल्या. त्यांचा चेहरा पडला नव्हता, उलट खुलला होता. धाकटी कुणाला हिणवून शिकवत नाही. हिणवून मी शिकवते.

तिला धाकटी हे नाव पेशंटांनी पाडलं. बावीस वर्षांपूर्वी ती आली तेव्हा या वॉर्डात आम्ही दोघीच कायमच्या होतो; मी मोठी, म्हणून ती धाकटी. आता ती पन्नाशीची झाली, चष्मा लागला, गुडघ्यावर हात देऊन उठते, मुलगी नोकरीला लागली, तरी धाकटीच. आणि सगळा वॉर्ड मला सिस्टर म्हणतो, ती एकटी ताई म्हणते. त्याचं असं झालं, पहिल्याच आठवड्यात तिनं एका आजोबांना तीनदा टोचलं, तिन्ही वेळा चुकलं, आणि चादरींच्या खोलीत जाऊन रडत बसली. मी तिला दंडाला धरून बाहेर काढलं, माझी बाही वर केली आणि हात पुढे धरून म्हटलं, “टोच. रडून कुणाची शीर सापडत नाही.” तिनं टोचलं. बरोबर टोचलं. दुसऱ्या दिवसापासून मी तिची ताई झाले.

म्हणजे तिचा तो हात मी घडवला, असं मी लोकांना सांगत आले. आपण घडवलेली वस्तू आपलीच, असंही कुठेतरी मनात धरून बसले असणार.

आठ वर्षांपूर्वी आमच्या हॉस्पिटलनं एक अभ्यासक्रम काढला. दहा वर्षांहून जास्त काम केलेल्या नर्ससाठी पदव्युत्तर शिक्षण. दोन वर्षं, दर शुक्रवार-शनिवार वर्ग, बाकीचे दिवस ड्यूटी. अटी दोन. वय पंचेचाळीसच्या आत हवं, आणि फॉर्मवर वॉर्डच्या इन्चार्जची ‘हरकत नाही’ म्हणून सही हवी. ती नोटीस बोर्डावर मीच लावली. टाचणीसुद्धा मीच शोधून आणली.

त्या दिवशी धाकटी माझ्या टेबलाभोवती तीनदा घुटमळली. ताकाला जाऊन भांडं लपवायची तिची जुनी खोड.

“बोल की गं बाई एकदाची,” मी म्हटलं.

“ताई, तो कोर्स... म्हणजे तुम्हाला काय वाटतं? या वयात मी पुस्तक घेऊन बसले तर पोरी हसतील का?”

“पोरी हसतील की नाही ते माहीत नाही, पण पेशंट रडतील. शुक्रवारी त्यांना टोचणार कोण, मी? माझे डोळे बघ. पुढच्या वर्षी बघू.”

ती हसली. आपली स्तुती झाली असं तिला वाटलं. मलाही तसंच वाटलं.

दुसऱ्या वर्षी दोघी जणी नोकरी सोडून गेल्या होत्या. माझ्याकडे कारण तयारच होतं, आणि खरं होतं. “पुढच्या वर्षी नक्की. शब्द देते,” मी म्हटलं. ती म्हणाली, “ताई, पुढच्या वर्षी मी चव्वेचाळीसची. मग शेवटची संधी.” मी म्हटलं, “शेवटची का असेना, संधी ती संधी.” असं काहीबाही बोलायला माझी जीभ फार चालते.

तिसऱ्या वर्षी तिनं विचारलंच नाही. मंगळवारी भरलेला फॉर्मच माझ्यासमोर ठेवला. शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत दोन मजले खाली ऑफिसात पोचायला हवा होता. “ठेव. सही करून मीच खाली देते,” मी म्हटलं.

आमच्याकडे ड्यूटीचा तक्ता इन्चार्जनं करायचा असतो. मी तो आधी पेन्सिलीनं करते, मग शाईनं. त्या बुधवारी आणि गुरुवारी घरी बसून मी धाकटीशिवाय शुक्रवार-शनिवारचा तक्ता करून बघितला. तिचं नाव खोडलं, दुसरीचं घातलं, तिसरीची सुट्टी मोडली, पुन्हा खोडलं. कागद पातळ होऊन फाटला. जमत होतं, पण त्रास होता. दोन वर्षं माझ्या जिवाला घोर लागला असता, एवढाच काय तो हिशेब.

शुक्रवारी सकाळी दोघा पेशंटांचं ब्लडप्रेशर उतरलं आणि एक मशिन बंद पडलं. कुणी विचारलं असतं तर मी हेच सांगितलं असतं, की धावपळीत राहून गेलं. पण दुपारी तीनला मी मोकळी होते. चहासुद्धा घेतला. फॉर्म माझ्या हातात होता. मागच्या पानावर ‘आपण हा अभ्यासक्रम का करू इच्छिता’ असा प्रश्न होता आणि खाली तिनं गोल, शाळकरी अक्षरात लिहिलं होतं, की डायलिसिस चालू असताना पेशंट जांभया द्यायला लागला की थोड्या वेळानं त्याचं प्रेशर उतरतं, असं मी बरीच वर्षं बघते आहे. हे का होतं ते मला समजून घ्यायचं आहे.

जांभया! मला हसू आलं. जांभयांसाठी माझा वॉर्ड लंगडा करायचा? मी तो फॉर्म तिसऱ्या खणात, जुन्या रजिस्टरांच्या खाली ठेवला. मला आत्ता वाटतं तेवढं तेव्हा ते जड गेलं नाही, हे सांगितलंच पाहिजे.

सोमवारी तिनं विचारलं. मी म्हटलं, “अगं, दिला होता ऑफिसात, त्यांनीच कुठे घातला कोण जाणे. मी आज भांडून आले. आता मुदत संपली म्हणतात.” मी बोलत होते आणि माझा आवाज खरोखरच चढला होता. ती उठली आणि माझ्यासाठी पाणी घेऊन आली. “तुम्ही नका जिवाला लावून घेऊ, ताई. नसेल माझ्या नशिबात,” म्हणाली आणि सुया घेऊन दोन नंबरकडे गेली. सुंठीवाचून खोकला गेला, असं मी मनाशी म्हटल्याचं मला आठवतं. शरम वाटते, पण आठवतं.

फॉर्म फाडायचा धीर झाला नाही. मी स्वतःची समजूत घातली, की नाही शिकली तर नाही, माझ्यानंतर ही खुर्ची तिचीच आहे, तिच्याइतकं जाणतं दुसरं आहे कोण? आणि दोन वर्षांपूर्वी वरून आदेश आला, की यापुढे इन्चार्ज म्हणून पदव्युत्तर शिक्षण घेतलेलीच नेमायची. नव्या मॅडम सर्जरीच्या वॉर्डातल्या. पस्तिशीच्या. त्याच कोर्सला गेलेल्या, कारण त्यांच्या इन्चार्जनं सही केली होती.

तर त्या सोमवारी मास्तरांचा तिसरा तास चालू होता. नव्या मॅडमना मी रजिस्टरं समजावत होते. धाकटी वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला होती. मास्तरांनी तोंडावर हात ठेवून जांभई दिली आणि ती हातातलं टाकून निघाली. त्यांच्या उशाकडचा भाग खाली केला, पाय वर घेतले, मशिनचा वेग कमी केला. प्रेशर बघितलं तर अजून ठीक होतं. पाच मिनिटांनी उतरायला लागलं, पण तोवर तिनं त्याला गाठलं होतं. मास्तरांना नुसता घाम आला, एवढंच.

“तुम्हाला आधीच कसं कळलं?” नव्या मॅडमनी विचारलं.

“जांभई दिली ना त्यांनी.”

“माझी व्याख्यानं ऐकून पोरं द्यायची, त्याचा सूड आहे हा,” मास्तर डोळे मिटूनच म्हणाले.

धाकटीनं एप्रनच्या खिशातून वही काढली. वही मी हजारदा बघितली होती आणि एकदाही उघडली नव्हती. मला वाटायचं, किराण्याची यादी असेल. आत होतं ते असं: तारीख, बेड नंबर, जांभई किती वाजता, प्रेशर किती वाजता उतरलं. पानंच्या पानं. “ही सहावी वही,” ती लाजत म्हणाली. “आधीच्या पाच घरी आहेत.”

नव्या मॅडम उभ्या उभ्या पानं उलटत राहिल्या. मग म्हणाल्या, “हे पुस्तकात आहे. प्रेशर उतरण्याआधीच्या लक्षणांत जांभई येते. आम्हाला शिकवलं होतं.”

सहा वह्या भरल्या बाईनं, आणि पुस्तकात त्याच्या दोन ओळी केव्हाच्या छापून बसलेल्या. मी धाकटीच्या तोंडाकडे बघायचं टाळलं. पण तिचाच आवाज आला, आनंदानं चिरकलेला.

“पुस्तकात आहे? खरंच? म्हणजे बरोबर होतं माझं!”

“पुस्तकाच्या शेवटी उत्तरं असतातच,” मास्तर म्हणाले. “गणित सोडवायला अक्कल लागते.”

“पण का होतं ते लिहिलंय का?” तिनं विचारलं.

“मी बुधवारी पुस्तक आणते. आपण बघू,” नव्या मॅडम म्हणाल्या. “पण तुम्ही हा कोर्स का नाही केलात? तुमच्यासाठीच तर होता तो.”

“अहो, करायचा होता. फॉर्म भरलाही होता. ऑफिसात गहाळ झाला. ताई केवढ्या भांडल्या होत्या माझ्यासाठी!” आणि तिनं माझ्याकडे पाहिलं. अभिमानानं पाहिलं. मला तिथं उभं राहवेना. औषधांच्या खोलीत जाऊन मी सकाळीच मोजलेल्या सलाइनच्या पिशव्या पुन्हा मोजल्या.

दोन रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. बुधवारी सकाळी मी खण रिकामे केले. पहिल्यात पेनं निघाली, दुसऱ्यात माझ्या चष्म्यांची तीन घरं. तिसऱ्यात काय निघणार ते मला माहीत होतं. दुपारची पाळी लावायच्या आधी मी धाकटीला खोलीत बोलावलं.

“बस.”

“वेळ नाही हो ताई, मशिनं धुऊन झालीत, मास्तर येतील आता.”

“तरी बस.”

फॉर्म तिच्यासमोर ठेवला. तिनं चष्मा लावला, पुढचं पान वाचलं, उलटून मागचं वाचलं. सावकाश वाचलं.

“अक्षर बरं होतं की माझं तेव्हा,” ती म्हणाली. मग तिचा चेहरा उजळला. “ऑफिसात सापडला? इतक्या वर्षांनी?”

फक्त ‘हो’ म्हणायचं होतं. माझी जीभ वळलीसुद्धा.

“नाही,” मी म्हटलं. “ऑफिसात गेलाच नव्हता. माझ्या खणात होता.”

“विसरलात होय!”

तिनं दुसरंही दार स्वतःच उघडून धरलं माझ्यासाठी. असल्या बाईशी खोटं बोलणं किती सोपं असतं, हे मला सहा वर्षांनी पुन्हा कळलं.

“विसरले नव्हते. मी मुद्दाम दिला नाही.”

बाहेर मशिनं धुतल्यावर करतात तसा बीप-बीप आवाज येत होता. तिनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

“का?”

“तुझ्याशिवाय वॉर्ड चालला नसता गं.” हे वाक्य मी दोन दिवस मनात घोळवलं होतं. बाहेर पडल्यावर ते अगदी फुसकं वाटलं.

“चालला असता,” ती म्हणाली. “जरा ओढाताण झाली असती. पण चालला असता.” मग माझ्याशी नाही, फॉर्मशी बोलली. “लेक म्हणत होती, आई, बाहेरच्या कॉलेजात भर, तिथं वयाची अट नाही. मी म्हटलं, एवढ्या ताई भांडल्या तरी जमलं नाही, म्हणजे नाहीच जमायचं. नशिबाशी कशाला झगडा.”

हे मला माहीत नव्हतं. माझ्या खोट्यानं एकच दार बंद झालं असं मी धरून चालले होते.

“मला बोल काहीतरी,” मी म्हटलं. “शिव्या दे. पण अशी बसू नकोस.”

तिनं शिव्या दिल्या नाहीत. मला वाटतं, तिला त्या सुचत होत्या, पण तिनं त्या माझ्यावर खर्च केल्या नाहीत. फॉर्म तिनं वळवून माझ्याकडे तोंड करून ठेवला आणि ‘इन्चार्जची सही’ लिहिलेल्या रिकाम्या ओळीवर बोट ठेवलं.

“सही करा.”

“आता? वरातीमागून घोडं कशाला? याचा काही उपयोग...”

“मला माहीत आहे उपयोग नाही. सही करा.”

मी पेन घेतलं. ‘हरकत नाही’ असं लिहिलं. आयुष्यभर हजारो कागदांवर केली ती सही केली. ती वाकडी आली.

“तारीख कुठली घालू?” मी विचारलं.

“आजची. खरी ती.”

मी आजची घातली. तिनं फॉर्म उचलला, शाई सुकावी म्हणून त्याच्यावर फुंकर मारली, चार घड्या घातल्या आणि वहीत ठेवला. गुडघ्यावर हात देऊन उठली. दाराशी जाऊन थांबली. मला वाटलं, आता वळेल आणि रडेल, आणि मग मीही रडेन, आणि होईल सगळं ठीक. आम्हा बायकांचं बरंचसं असंच तर ठीक होत आलं आहे.

“थँक यू, मॅडम,” ती म्हणाली आणि गेली.

बावीस वर्षांत पहिल्यांदा. आवाज चढलेला नव्हता, टोमणा नव्हता. ऑफिसातल्या बाईला म्हणावं तसं म्हणाली.

साडेचारला वरच्या हॉलमध्ये निरोपसमारंभ झाला. मोठ्या डॉक्टरांनी मला वॉर्डची आई म्हटलं. कुणी म्हणालं, यांनी कितीतरी मुली घडवल्या. टाळ्या झाल्या. नव्या मॅडम पुढच्या रांगेत होत्या. मी विचारायच्या आधीच त्या हळूच म्हणाल्या, “त्या येतील म्हणाल्या होत्या, पण पेशंट चालू आहेत ना.” मी म्हटलं, “हो ना, पेशंट सोडून कसं येणार.” मीच शिकवलं होतं तिला ते. पुष्पगुच्छ मिळाला, भिंतीवरचं घड्याळ मिळालं. भाषण करायला मला सांगितलं, तर माझ्यासारख्या बडबडीला दोन वाक्यांपुढे बोलता येईना. लोकांना वाटलं, गहिवरले.

खाली जाताना वॉर्डाच्या काचेच्या दाराशी थांबले. ओळखपत्र सकाळीच जमा केलं होतं, त्याच्याशिवाय ते दार उघडत नाही. आत नऊही मशिनं चालू होती. धाकटी चार नंबरपाशी स्टुलावर बसली होती आणि तिच्या मांडीवर नव्या मॅडमचं ते जाडजूड पुस्तक उघडं होतं. ती ओळीखाली बोट धरून वाचत होती, ओठ हलत होते. मास्तर मान वळवून तिच्या बोटाकडे बघत होते आणि मधूनच काहीतरी सांगत होते. शब्द अडला असेल. एक ओळ झाली की ती मान वर करायची, नऊही चेहऱ्यांवरून नजर फिरवायची, आणि पुन्हा खाली बघायची.

मी फुलं एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. त्या हालचालीनं असेल, तिनं दाराकडे पाहिलं. आमची नजरानजर झाली. मी हात वर करणार होते.

तिचं बोट ओळीवरच होतं. जागा चुकू नये म्हणून तिनं ते घट्ट दाबून धरलं होतं. तिनं एकदा मास्तरांच्या तोंडाकडे पाहिलं, सगळं ठीक आहे ना ते बघितलं, आणि पुन्हा पुस्तकात डोकं घातलं.